शंभर दिवसांची रेजिमेंट: थर्ड कोलोरॅडो कॅव्हलरी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या यादवी युद्धात थर्ड कोलोरॅडो कॅव्हलरी ही स्वयंसेवकांची घोडदळ रेजिमेंट फक्त शंभर दिवसांसाठी का उभारली, त्या दिवसांत तिने केलं काय, आणि इतक्या अल्पायुषी पलटणीचं नाव दीडशे वर्षांनंतरही का निघतं?

लष्करी इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना कोणत्याही पलटणीच्या लढाया वाचायच्या आधी तिची भरतीची आणि विसर्जनाची तारीख बघायला लावतो. या रेजिमेंटच्या बाबतीत तर तारखा बाजूला ठेवल्या की काहीच उलगडत नाही. शंभर दिवसांच्या मुदतीने तिला सँड क्रीकच्या हत्याकांडाकडे लोटलं आणि त्याच मुदतीने नंतर तिच्या माणसांना शिक्षेपासून वाचवलं, असं माझं ठाम मत आहे. ते कसं, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अल्पमुदतीचे शिपाई ही त्या युद्धातली नवलाची गोष्ट नव्हती. एप्रिल 1861 मध्ये लिंकनने पहिल्यांदा 75,000 माणसं मागितली ती तीन महिन्यांसाठीच. 1864 च्या वसंतात ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरांनी शंभर दिवसांचे 85,000 शिपाई देऊ केले. पण ते पायदळ होतं. रेल्वेमार्ग, पूल, कोठारं यांच्यावर पहारे ठेवायचे आणि कसलेले सैनिक ग्रँट आणि शेर्मन या उत्तरेच्या सेनापतींच्या मोहिमांसाठी मोकळे करायचे, एवढंच त्याचं काम. पहारेकरी दोन आठवड्यांत तयार होतो, घोडेस्वार होत नाही. घोड्यावर बसता येणं वेगळं आणि शंभर घोड्यांच्या रांगेत, गोळीबार चालू असताना, हुकमाबरोबर वळणं वेगळं. घोड्याची पाठ सोलू न देणं, खूर सांभाळणं, दाणावैरण कमी असताना जनावर टिकवणं, हे तर महिनोन्महिने अंगवळणी पडावं लागतं. म्हणूनच युद्धाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनमधलं सरकार स्वयंसेवकांचं घोडदळ घ्यायलाच नाखूश होतं.

तरीही अल्पमुदतीचं घोडदळ नेहमी वायाच गेलं असं नाही. 1862 च्या उन्हाळ्यात ऱ्होड आयलंडने तीन महिन्यांसाठी सेव्हन्थ स्क्वॉड्रन उभारली. तिच्यात डार्टमथ आणि नॉर्विच इथले कॉलेजचे विद्यार्थी होते. सप्टेंबरमध्ये हार्पर्स फेरीला दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सनचा वेढा पडला, तेव्हा शरणागतीच्या आदल्या रात्री तिथलं घोडदळ अंधारात बाहेर निसटलं आणि वाटेत दक्षिणेच्याच लाँगस्ट्रीटचा दारूगोळ्याचा तांडा पकडून घेऊन गेलं. ही मुलंही त्यात होती. त्यांच्यापुढे अनुभवी अधिकारी होते आणि काम स्पष्ट होतं. कोलोरॅडोत परिस्थिती याच्या उलट होती.

कोलोरॅडो तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती, म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेला, केंद्राच्या ताब्यातला मुलूख. 1858-59 मध्ये पाइक्स पीकच्या परिसरात सोनं सापडलं आणि शायेन व अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या शिकारीच्या मुलखात गोऱ्यांचा लोंढा आला. 1861 च्या फोर्ट वाइज करारात त्या लोकांच्या पदरात पूर्वीच्या जमिनीचा एक छोटा तुकडा उरला, आणि बऱ्याच शायेन गटांनी तो करार कधी मानलाच नाही. 1864 च्या वसंतात चोरलेल्या गुरांच्या तक्रारींवरून सैन्याच्या तुकड्या गावं जाळत फिरू लागल्या. 16 मे रोजी लीन बेअर नावाचा शायेन प्रमुख सैनिकांना भेटायला सामोरा गेला आणि तिथेच गोळ्या घालून मारला गेला. आदल्या वर्षी तो वॉशिंग्टनला लिंकनला भेटून आला होता आणि तिथे मिळालेलं शांततेचं पदक त्याच्या अंगावर होतं. मग सूड सुरू झाले. 11 जूनला डेन्व्हरपासून पंचवीस-तीस मैलांवर हंगेट कुटुंबातले चौघे, नवरा-बायको आणि दोन लहान मुली, मारले गेले. त्यांचे छिन्नविच्छिन्न मृतदेह डेन्व्हरमध्ये आणून लोकांना दाखवण्यात आले. शहर भीतीने वेडंपिसं झालं. ऑगस्टमध्ये प्लॅट नदीकाठच्या वाटेवरचे हल्ले इतके वाढले की टपाल आणि माल येणं बंद पडलं.

गव्हर्नर जॉन एव्हन्सने दोन जाहीरनामे काढले आणि ते दोन्ही एकत्र वाचायला हवेत. जूनमधल्या पहिल्यात, जे इंडियन (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) मित्रभावाने राहू इच्छितात त्यांनी फोर्ट लायनसारख्या ठरलेल्या ठाण्यांजवळ यावं, त्यांना संरक्षण मिळेल, असं म्हटलं होतं. 11 ऑगस्टच्या दुसऱ्यात नागरिकांनाच शत्रू इंडियनांचा पाठलाग करून त्यांना मारण्याची मुभा दिली, आणि त्यांची मालमत्ता स्वतःकडे ठेवण्याचीही. त्याच दिवसांत शंभर दिवसांची घोडदळ रेजिमेंट उभारायला वॉशिंग्टनने परवानगी दिली. रेजिमेंटच्या जन्मवेळी हवेत काय होतं ते या दुसऱ्या जाहीरनाम्यावरून कळतं.

भरती ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि सप्टेंबरपर्यंत चालली. खाणकामगार, शेतकरी, गाडीवान, दुकानातले कारकून, काम गेलेले लोक असे सगळे मिळून साधारण हजार जण भरती झाले. कर्नल म्हणून जॉर्ज शूपला नेमलं. तो फर्स्ट कोलोरॅडो या आधीच्या रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट होता, म्हणजे एका झेपेत कर्नल झाला. एक मेजर खाणींचा इंजिनिअर होता. बोल्डरच्या डी कंपनीचा कॅप्टन डेव्हिड निकल्स गावातला वजनदार माणूस. माणसं होती, पण घोडे कमी, खोगिरं कमी, गणवेश उशिरा. हत्यारांत कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक, थोड्यांकडेच, बऱ्याच जणांना पायदळाच्या जुन्या ऑस्ट्रियन बंदुका मिळाल्या, ज्या घोड्यावरून भरणं जवळजवळ अशक्य. ज्याचा स्वतःचा घोडा त्याला त्याचं भाडं सरकार देई, म्हणजे आपल्याकडच्या शिलेदारासारखी व्यवस्था. पण मराठ्यांचा शिलेदार घोड्यावर वाढलेला असे, इथे मात्र अनेकांनी सेवेचे पहिले आठवडे छावणीत घोड्याची वाट बघण्यात घालवले.

यादवी युद्धातला प्रत्यक्ष शत्रू, म्हणजे दक्षिणेच्या फुटीर राज्यांच्या, कॉन्फेडरेट बाजूचे लोक, या रेजिमेंटला एकदाच भेटले, आणि तेही कैदी म्हणून. जेम्स रेनॉल्ड्स आणि त्याचे साथीदार साउथ पार्कमध्ये कॉन्फेडरसीच्या नावाने लूटमार करत होते. पकडल्यावर त्यांतल्या पाच जणांना फोर्ट लायनकडे नेण्याचं काम थर्डच्या एका तुकडीवर आलं. वाटेत सप्टेंबरमध्येच ते पाचही जण गोळ्या घालून मारले गेले. पळून जात होते, असं सांगण्यात आलं. या प्रसंगाकडे वाचक सहसा दुर्लक्ष करतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. हातातल्या कैद्यांना मारलं तरी कोणी जाब विचारत नाही, हे त्या रेजिमेंटला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

10 ऑक्टोबरला निकल्सच्या कंपनीने व्हॅली स्टेशनजवळ शायेनांच्या एका छोट्या तळावर छापा घालून बिग वुल्फच्या गटातल्या दहा जणांना मारलं. त्यांत बायकाही होत्या. बाकी रेजिमेंट शूपबरोबर बिजू बेसिनच्या बाजूला बर्फात अडकून पडली होती.

याच काळात शांततेची एक खरी संधी आली होती. फोर्ट लायनचा मेजर एडवर्ड विनकूप हा ब्लॅक केटल, व्हाइट अँटिलोप, बुल बेअर हे शायेन प्रमुख आणि काही अरापाहो प्रमुख यांना घेऊन डेन्व्हरला आला. 28 सप्टेंबरला कँप वेल्डवर गव्हर्नर एव्हन्स आणि कोलोरॅडोतल्या सैन्याचा प्रमुख कर्नल जॉन चिव्हिंग्टन यांच्याशी बोलणी झाली. विनकूपने नंतर चौकशीत दिलेल्या साक्षीप्रमाणे एव्हन्सने त्याला विचारलं होतं की तह केला तर थर्ड रेजिमेंटचं काय करायचं, ती इंडियनांना मारण्यासाठी उभारली आहे आणि तिने ते केलंच पाहिजे. रेजिमेंट उभी राहिली आहे, वॉशिंग्टनकडे आपण तिची निकड रेटून सांगितली आहे, खर्च झाला आहे, आणि आता लढाईच नाही म्हटलं तर तोंड कुठे लपवायचं, ही गव्हर्नरची अडचण त्या वाक्यात उघडी पडते. प्रमुखांना मात्र असं सांगितलं गेलं की त्यांनी लष्कराच्या स्वाधीन व्हावं. ते तसे फोर्ट लायनजवळ आले.

चिव्हिंग्टनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो साधा खलनायक नव्हता. मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक, गुलामगिरीचा विरोधक. मार्च 1862 मध्ये ग्लोरिएटा खिंडीच्या लढाईत त्याने डोंगर ओलांडून कॉन्फेडरेट सैन्याच्या मागे असलेला रसदीचा सगळा तांडा जाळला, आणि न्यू मेक्सिकोतली त्यांची मोहीम तिथेच मोडली. ही कामगिरी खरोखर मोठी होती. पण 1864 पर्यंत तो राजकारणात उतरला होता. कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून झालेलं मतदान सप्टेंबरमध्ये हरलं आणि काँग्रेसमध्ये जाण्याची त्याची वाट बंद झाली. त्याच्या स्वतःच्या लष्करी सेवेची मुदतही त्याच महिन्यात संपली होती. डेन्व्हरमध्ये लोक थर्डला ‘ब्लडलेस थर्ड’ म्हणून हिणवू लागले होते, म्हणजे रक्त न सांडलेली. डिसेंबरच्या अखेरीस सगळी रेजिमेंट घरी जाणार होती. नोव्हेंबरच्या मध्याला चिव्हिंग्टनच्या हातात उरले होते जेमतेम काही आठवडे.

लढाऊ शायेन, ज्यांना ‘डॉग सोल्जर्स’ म्हणत, दूर उत्तरेला स्मोकी हिलच्या बाजूला होते. थंडीत, थकलेल्या घोड्यांवर, अननुभवी माणसं घेऊन त्यांना गाठणं थर्डला जमण्यासारखं नव्हतं. सापडेल असा तळ एकच होता. मेजर विनकूपची जागा नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेजर स्कॉट अँथनीने घेतली होती. त्याने शिधा थांबवून ब्लॅक केटलच्या लोकांना सुमारे चाळीस मैलांवर सँड क्रीकच्या वाकणावर तळ ठोकायला सांगितलं होतं. तिथे ते आपण संरक्षणाखाली आहोत अशा समजुतीने राहत होते.

28 नोव्हेंबरला चिव्हिंग्टनचा ताफा फोर्ट लायनला पोचला. येताच त्याने ठाण्याभोवती पहारे बसवले, कोणी बाहेर जाऊन खबर देऊ नये म्हणून. कॅप्टन सायलस सूल, लेफ्टनंट जोसेफ क्रेमर आणि आणखी काही अधिकाऱ्यांनी तोंडावर विरोध केला. आम्ही या लोकांना शब्द दिला आहे, हा खून होईल, असं त्यांनी सांगितलं. चिव्हिंग्टनने त्यांना झिडकारलं. रात्री सुमारे 675 माणसं निघाली. त्यांतली बहुसंख्य थर्डची, बाकी फर्स्ट कोलोरॅडोची, सोबत डोंगरी मुलखात वापरायच्या चार बारा-पौंडी हॉवित्झर तोफा. वाट दाखवायला, शायेन बायको केलेला व्यापारी विल्यम बेंट याचा मुलगा रॉबर्ट याला जबरदस्तीने घेतलं होतं. त्याचे दोन भाऊ, जॉर्ज आणि चार्ल्स, त्याच तळावर झोपलेले होते.

29 नोव्हेंबरच्या पहाटे हल्ला झाला. ब्लॅक केटलने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि त्याखाली पांढरं निशाण चढवलं. म्हातारा व्हाइट अँटिलोप गोळी लागेपर्यंत पळाला नाही. आपलं मृत्युगीत म्हणत तो जागेवर उभा राहिला. लोक नदीच्या कोरड्या पात्रातून वर धावले आणि वाळूत हातांनी खड्डे खणून आडोसा करू लागले. त्या खड्ड्यांवर तोफा डागल्या गेल्या. सूल आणि क्रेमरने आपल्या तुकड्यांना गोळी चालवायचा हुकूम दिला नाही. पण थर्डच्या बाबतीत शिस्त अशी काही उरलीच नाही. कंपन्या एकमेकींत मिसळल्या, माणसं मन मानेल तिकडे गोळ्या झाडत सुटली, काही सैनिक आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी पडले. दिवसभर हे चाललं. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या हिशेबाने 230 माणसं मारली गेली, त्यांत सुमारे 150 बायका, मुलं आणि म्हातारी. सैन्याचे सुमारे दोन डझन ठार झाले. प्रेतांची जी विटंबना झाली तिचं वर्णन सूल आणि क्रेमरच्या पत्रांत आहे. ते मी इथे उतरवत नाही. वाचायचं असेल त्याने मन घट्ट करून मूळ पत्रंच वाचावीत.

दुसऱ्या दिवशी दुभाषा जॉन स्मिथचा मुलगा जॅक कैदेत असताना मारला गेला. रेनॉल्ड्सच्या टोळीचे ते पाच जण इथे आठवतात.

काही जण विचारतात की ही लढाईच होती ना, समोरूनही गोळ्या आल्या होत्या. हो, तळावरच्या तरुणांनी प्रतिकार केला, आणि तो केला नसता तर कोणीच वाचलं नसतं. पण संरक्षणाचं वचन देऊन जिथे बसवलं तिथे झोपलेल्या वस्तीवर चाल करून जाणं याला लढाई म्हणायची माझी तयारी नाही. अनुभव नव्हता म्हणून असं घडलं, ही दुसरी सबबही मला अर्धीच पटते. नवखेपणामुळे गोंधळ होतो, माणसं घाबरतात, आपल्याच माणसांवर गोळ्या झाडतात. प्रेतांचे अवयव कापून नेणं नवखेपणातून येत नाही. त्याला वरून मिळालेली मोकळीक लागते. शिवाय फर्स्ट कोलोरॅडोचे अनुभवी शिपाईही हल्ल्यात होतेच, आणि अँथनीने, ज्याने त्या लोकांना तिथे बसवलं होतं, स्वतः आपली तुकडी घेऊन भाग घेतला.

चिव्हिंग्टनने पाठवलेल्या पहिल्या अहवालात 900 ते 1,000 योद्ध्यांच्या गावावर हल्ला करून 400 ते 500 जण मारल्याचा दावा होता, आणि मेलेल्यांत ब्लॅक केटलचंही नाव होतं. ब्लॅक केटल जखमी बायकोला घेऊन निसटला होता. 22 डिसेंबरला रेजिमेंट डेन्व्हरला परतली तेव्हा रस्त्यांवर जल्लोष झाला, वर्तमानपत्रांनी स्तुती केली, आणि नाटकाच्या थिएटरात कापून आणलेली टाळूची कातडी लोकांना दाखवण्यात आली. वर्ष संपता संपता रेजिमेंट विसर्जित झाली.

कायद्याचा भाग इथून सुरू होतो, आणि माझ्या मते तो लढाईच्या वर्णनांइतकाच वाचण्यासारखा आहे. सूल आणि क्रेमरची डिसेंबरमधली पत्रं विनकूपमार्फत वर पोचली. 1865 मध्ये तीन चौकशा झाल्या: काँग्रेसच्या युद्धविषयक संयुक्त समितीची, इंडियन जमातींच्या स्थितीसाठी नेमलेल्या दुसऱ्या संयुक्त समितीची, आणि लेफ्टनंट कर्नल सॅम्युएल टॅपनच्या अध्यक्षतेखाली लष्करी आयोगाची. युद्धविषयक समितीने चिव्हिंग्टनचा अत्यंत कडक शब्दांत धिक्कार केला. पण शिक्षा कोणालाच झाली नाही. कोर्ट मार्शल सेवेत असलेल्या शिपायावर चालतं. थर्डचे शिपाई घरी गेले होते, चिव्हिंग्टन जानेवारीत सेवेतून मोकळा झाला होता. लष्करी कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि डेन्व्हरमधली कोणतीही ज्युरी त्यांना दोषी ठरवणार नव्हती. अध्यक्ष जॉन्सनने एव्हन्सला गव्हर्नरपदाचा राजीनामा द्यायला लावला, तेवढंच.

किंमत साक्षीदाराने मोजली. सूलने फेब्रुवारीत आयोगापुढे साक्ष दिली, 1 एप्रिलला लग्न केलं आणि 23 एप्रिल 1865 च्या रात्री डेन्व्हरच्या रस्त्यावर गोळी लागून तो मेला. मारेकरी चार्ल्स स्क्वायर न्यू मेक्सिकोत पकडला गेला. त्याला डेन्व्हरला घेऊन आलेला लेफ्टनंट काही दिवसांतच खोलीत मृत सापडला आणि स्क्वायर तुरुंगातून पळाला. सूल तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

लष्करी दृष्टीने बघितलं तरी या मोहिमेने डेन्व्हरचं काहीच भलं केलं नाही. हिवाळ्यात शांत बसणारे गटही आता उठले. जानेवारी आणि फेब्रुवारी 1865 मध्ये ज्यूल्सबर्गवर दोनदा हल्ला झाला, प्लॅटची वाट पुन्हा बंद पडली. सर्वात जास्त मार बसला तो शांतता मागणाऱ्या प्रमुखांच्या शब्दाला. तरीही ब्लॅक केटल शांततेच्याच बाजूने राहिला. ऑक्टोबर 1865 च्या लिटल अर्कान्सास करारात अमेरिकन सरकारने सँड क्रीकचा अन्याय लेखी मान्य करून वाचलेल्यांना जमीन आणि भरपाईचं आश्वासन दिलं. ते पाळलं गेलं नाही. 27 नोव्हेंबर 1868 ला वॉशिटा नदीवर कस्टरच्या सेव्हन्थ कॅव्हलरीच्या हल्ल्यात ब्लॅक केटल आणि त्याची बायको दोघेही मारले गेले.

रेजिमेंटचे अधिकारी मात्र पुढे सुखरूप चढत गेले. शूप आयडाहो राज्याचा पहिला गव्हर्नर आणि नंतर सिनेटर झाला. वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये आयडाहोतर्फे त्याचा पुतळा उभा आहे. निकल्स कोलोरॅडोचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. बोल्डरच्या विद्यापीठाने त्याचं नाव एका वसतिगृहाला दिलं होतं. विद्यार्थ्यांच्या आग्रहानंतर 1989 मध्ये ते बदलून शायेन अरापाहो हॉल झालं. डेन्व्हरच्या राज्यभवनासमोरच्या 1909 च्या युद्धस्मारकावर सँड क्रीकची नोंद लढाया म्हणून कोरलेल्या नावांमध्ये होती. 2002 मध्ये तिथे खुलाशाची पाटी बसवावी लागली आणि जून 2020 मध्ये आंदोलकांनी वरचा सैनिकाचा पुतळा पाडला. एव्हन्सचे ते जाहीरनामे औपचारिकरीत्या रद्द व्हायला ऑगस्ट 2021 उजाडलं. त्याच्या नावाचा डोंगर 2023 मध्ये माउंट ब्लू स्काय झाला.

तुम्हाला स्वतः या रेजिमेंटवर काम करायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी कंपन्यांच्या हजेरीपटावरच्या तारखा घ्या आणि 29 नोव्हेंबरला प्रत्येक कंपनीचे किती दिवस उरले होते ते काढा. मग 1865 च्या तिन्ही चौकशांच्या साक्षी वाचा, चिव्हिंग्टनच्या बाजूच्या साक्षींसकट. टॅपन आयोगापुढे त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ दिली होती, त्यामुळे दोन्ही बाजू नीट समोर येतात. त्यानंतर सूल आणि क्रेमरची पत्रं. त्यांच्या प्रती 2000 साली पुन्हा उजेडात आल्या आणि सँड क्रीकला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देणारा कायदा त्याच वर्षी झाला. जॉर्ज बेंट त्या सकाळी कमरेत गोळी लागूनही वाचला होता. त्याने म्हातारपणी लिहिलेल्या पत्रांमुळे तळाच्या आतून काय दिसलं ते कळतं. 1999 च्या उत्खननात सापडलेले हॉवित्झरच्या गोळ्यांचे तुकडे नकाशावर मांडून बघा. ते बेंटने आणि इतर वाचलेल्यांनी सांगितलेल्या वाळूतल्या खड्ड्यांच्या दिशेने, नदीच्या वरच्या अंगाला जातात का, हे तुम्हीच पडताळा.